उपाशी शहराचा सण

नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ३ ऑक्टोबरच्या सकाळी हेरिंग मासा आणि पांढरा पाव वाटतात. कालव्याकाठी ‘वाग’ नावाची जुनी इमारत आहे, पूर्वी तिथे व्यापाऱ्यांचा माल तोलला जायचा. तिच्या दारात आधीच नावं नोंदवलेल्या गावकऱ्यांची रांग लागते. १५७४ साली याच तारखेला स्पॅनिश फौजेचा वेढा उठला, सुटकेच्या होड्या कालव्यांतून शहरात शिरल्या आणि भुकेल्या लोकांच्या हातात पहिल्यांदा जे पडलं ते हेच, मासा आणि पाव. या दिवशी गावातल्या बहुतेक शाळा आणि कचेऱ्या बंद असतात. बाकी नेदरलँड्समध्ये मात्र नेहमीसारखं कामकाज चालू असतं, कारण सण फक्त लायडनचा.

मी लायडनला राहते. दिवाळीच्या सुट्टीत सध्या कोथरूडला आईकडे आहे, आणि घरी येणारं प्रत्येक जण विचारतं, तुमच्याकडे सण कोणते? मी प्रत्येकाला हाच सांगते.

वेढा पहिल्यांदा पडला १५७३च्या ऑक्टोबरात. मार्चमध्ये स्पॅनिश फौज दुसऱ्या लढाईसाठी निघून गेली, पण शहराने त्या मधल्या काळात धान्य पुरेसं भरून घेतलं नाही. मेअखेर ती फौज परत आली. या वेळी तिने तटावर हल्ले चढवलेच नाहीत, नुसते रस्ते अडवून ती बसून राहिली. आत भूक आणि प्लेग. नाणी पाडायला धातू उरला नाही तेव्हा कागदाची नाणी पाडली. बाहेरचे निरोप कबुतरं आणत. स्पेनविरुद्धच्या डच बंडाचा नेता विलियम ऑफ ऑरेंज याने नद्यांचे बांध फोडायला लावले, म्हणजे पिकाची जमीन आपल्याच हाताने बुडवली, की पाणी चढेल आणि सपाट तळाच्या होड्या शेतांवरून लायडनपर्यंत जातील. पाणी चढेना. वारा उलटा होता. सप्टेंबर सरता सरता वादळ आलं, वारा फिरला आणि होड्या पुढे सरकल्या. २ ऑक्टोबरच्या रात्री शहराच्या तटाचा एक तुकडा स्वतःहूनच कोसळला. तो आवाज ऐकून वेढेकऱ्यांना वाटलं की आतले लोक चालून येताहेत. पाणी चढतच होतं. त्या रात्रीच ते छावणी सोडून गेले. तोवर शहरातली जवळजवळ एक तृतीयांश माणसं गेली होती.

व्हॅन डर वेर्फ हा लायडनचा तेव्हाचा नगराध्यक्ष. लोक ‘शहर देऊन टाका’ म्हणत आले तेव्हा त्याने ‘माझा हात कापून खा, पण दरवाजा उघडणार नाही’ असं सांगितलं, अशी आख्यायिका आहे. त्याचा पुतळा आहे आणि सणाच्या सकाळी त्याच्या नावाच्या बागेत सगळे मिळून गाणी म्हणतात. पण माझ्या मनात घर करून बसलंय ते पातेलं. सोडून दिलेल्या छावणीत एका अनाथ पोराला चुलीवर शिजवलेल्या कंदमुळांचं पातेलं सापडलं, असं सांगतात. ते पातेलं म्हणून दाखवलं जाणारं भांडं लाकनहाल संग्रहालयात ठेवलेलं आहे, आणि सणाला घराघरांत हुत्स्पॉट शिजतो: गाजर, कांदा, बटाटा उकडून एकत्र ठेचलेला. (बटाटा नंतर आला. तेव्हा तिथे बटाटा खात नसत.) सोबत गोमांस असतं, पण इथे आईच्या ओट्यावर मी नुसत्या भाज्यांचा केला. आईने वरून जिरं-मिरचीची फोडणी घातली. खाता खाता तिने विचारलं, “आणि आपल्या वेढ्यांचं काय गं? आपण काय शिजवतो?”

मामा शेजारीच बसला होता. तो आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जाणाऱ्यांपैकी. पुण्याहून त्यासाठी खूप मंडळी जातात. पावसात, चिखलात, रात्रीच्या मुक्कामांसह. तो म्हणाला, “आपण चालतो. पाय सोलवटले की बाजीप्रभूंची आठवण येते.” मला हे फार पटतं. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून १६६०च्या जुलैत महाराज निसटले त्या वाटेवर आपण स्वतःचं अंग झिजवतो, तेव्हा ती आठवण आपल्या शरीरात उतरते. लायडनच्या माशा-पावाइतकीच ती खरी आहे.

पण त्याच पावसाळ्यात पुण्याजवळ आणखी एक वेढा चालू होता. शाइस्ताखान पुण्यात येऊन बसला होता आणि २१ जूनला त्याने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. महाराज पन्हाळ्यात अडकलेले, मदत येण्याची शक्यता नाही. फिरंगोजी नरसाळ्यांनी भुईकोट किल्ला, म्हणजे ना डोंगर ना कडा, नुसता तट आणि खंदक, सुमारे ५५ दिवस लढवला. शेवटी मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग उडवला. भगदाड पडलं तरी आतले लढत राहिले, मग बालेकिल्ल्यात हटले आणि तिथून शरण आले. मोगलांची स्वतःची नोंद सांगते की त्यांची २६८ माणसं मेली आणि ६०० जखमी झाले. एका लहानशा किल्ल्यासाठी एवढी किंमत मोजल्यावर डोंगरी किल्ल्यांना हात घालायची उमेद किती उरणार?

मामाबरोबर मी परवा तिथे जाऊन आले. नाशिक रस्त्यावरची ट्रकची रांग, एमआयडीसीच्या बस, आणि मग गावाच्या गजबजाटात उरलेला तटाचा थोडा भाग, खंदकाच्या खुणा. आसपास आहेत दुकानं आणि घरं. पुण्यातून रोज कितीतरी जण चाकणला नोकरीला जातात, पण त्यांतल्या फार थोड्यांना हे माहीत असेल. मला त्याचं खरोखर वाईट वाटलं. फिरंगोजींचं नाव तरी इतिहासात राहिलं, पण त्या किल्ल्यात दोन महिने दळणारे, शिजवणारे, पाणी ओढणारे हात कुणी आठवतच नाही. लायडन नेमकं त्यांनाच आठवतं, जे लढले नाहीत पण भुकेने मेले आणि जगलेही.

चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. येत्या ऑगस्टच्या मध्यावर तटाशी उभं राहून कांदा-भाकरी वाटायची, असं मामाने मनावर घेतलंय. ट्रेकच्या मित्रांना त्याने रात्रीच फोन केले. मी तेव्हा लायडनला असेन, पण भाकऱ्यांच्या पिठाचा खर्च माझा, हे आईला सांगून ठेवलंय. तुमच्यापैकी चाकणला जाणारं, तिथे राहणारं कुणी असेल तर कळवा. भाकऱ्या भाजायला हात कमी पडणार आहेत, आणि गावातल्या बायका पुढे आल्या तर तो दिवस चाकणचा होईल.