मरीमाय, मारबत अन् आमची वहिनी

आमच्या अमरावतीकडच्या गावात माया शिवीतूनच येते. "काऊन बे भैताडा, जेवला का नाही?" असं मोठीमाय विचारते, तोवर ताटात भाकर पडलेली असते. 'फोकनीच्या' तर पोराले, बैलाले अन् बंद पडलेल्या मोटारपंपालेही चालते.

त्यात वहिनी आली गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. परवा तुरीत वानरं शिरली. मोठीमाय बांधावरून ओरडली, "मरीमाय नेईन तुमाले!" मागून वहिनी कोकणीत, "शिरां पडों तुमच्या तोंडार!" आता दोघी एकमेकींच्या शिव्या सर्रास वापरतात. ऐकून जीव सुखावतो.

मरीमाय म्हणजे पटकीची (कॉलऱ्याची) देवी. पटकीच्या साथी कमी झाल्या, शिवी मात्र तोंडात राहिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीही आम्ही मारबतीचा, म्हणजे वाईटाचा, पुतळा काढून "घेऊन जा गे मारबत" ओरडत रोगराई गावाबाहेर हाकलतोच ना!

कोकणी १९८७ मध्ये गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गेली. वऱ्हाडी बोललं की मात्र 'गावंढळ'. 'बे' म्हटलं म्हणून पोरांना वर्गात उभं करतात, याचा मला मनापासून राग येतो. पोरीला मी सांगून ठेवलंय: मोठ्यांना 'बे' नाही, भावाला खुशाल म्हण.