पाऊस होता म्हणून

“काकू, वही नंतर. आधी सांगा, गुडघा कसाय?”

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद घ्यायला आज आमच्या शेजारच्या काकूंकडे पोलीस शिपाई आला होता. पंचविशीचा असेल. बूट दाराबाहेर काढले आणि काकूंना कमी ऐकू येतं हे लक्षात येताच खुर्ची पुढे ओढून त्यांच्यासमोर बसला.

निघताना मी विचारलं, “हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं का?”

“लोकांशी बोलण्यावर एक लेक्चर झालेलं. त्या दिवशी पाऊस होता ना, परेड रद्द झाली होती.”

सहज बोलून गेला तो. मला दिवसभर तेच आठवतंय.

भिवंडीत १९८४ ला केवढी दंगल पेटली होती! पुढे १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांची माणसं आणि पोलीस एकत्र बसायचे, बोलायचे. १९९२-९३ ला शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. बोलण्यातून केवढं घडू शकतं, हे आपल्याच राज्यानं पाहिलंय.

मग ते शिकवायला पावसाची वाट का पाहायची?

तुमच्या चौकीतल्या एका तरी पोलिसाचं नाव तुम्हाला माहीत आहे का?