टँकरच्या गावातून वाळवंटात

"तुम्हाला सुट्टीला दुसरी जागा नाही भेटली का?" दिवाळीत आम्ही राजस्थानात जैसलमेरचं वाळवंट बघून आलो, तेव्हापासून हे मला स्टाफरूममध्ये विचारतात, रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात विचारतात, आणि एकदा तर गिरणीत दळणाच्या रांगेत विचारलं. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: "अन् तिथं जाऊन म्हणे वाचत बसलात? काय वाचलंत एवढं?" पहिला प्रश्न शेजाऱ्यांचा. दुसरा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायांचा. त्यांना माझ्याकडून रोज एक पान वाचायच्या, मन शांत करणाऱ्या एखाद्या छोट्या पुस्तकाचं नाव हवं असतं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते पिठाचा डबा धरून उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

सगळ्यात नेमकं विचारलं ते शेजारच्या मावशींनी. "आपल्याकडं आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही, अन् तुम्ही पैसे देऊन वाळू बघायला जायलाव?" जालन्यात राहणाऱ्या माणसाला यावर पटकन तोंड उघडता येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव आटलेला आम्ही पाहिलाय. त्याच वर्षी अंबड तालुक्यातली आमची मोसंबीची बाग वाळली. तोडून सरपणाला घातली. माझं माहेर लातूरचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा माझी आई फोनवर हसत होती, की बाई, आता पाण्यालाही रिझर्वेशन. जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलीमीटरही पाऊस पडत नाही. आपल्याकडे सरासरी सातशेच्या आसपास पडतो आणि तरी आपण टँकरची वाट बघतो. यात उसाचा वाटा किती आणि खालच्या काळ्या पाषाणाचा किती, यावर आमच्या घरात जेवताना भांडणं होतात, ती इथे नकोत.

तर दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जैसलमेरला गेलो. मुलांना उंट हवा होता, ह्यांना किल्ला. सासूबाई म्हणाल्या, "मी जन्मभर इस्राएल लोक रानात फिरले म्हणून वाचत आले. ते रान असतं तरी कसलं, ते बघू दे मला." खरं सांगायचं तर माझंही कारण तेच होतं, फक्त ते मोठ्यानं म्हणायचं धाडस सासूबाईंनी केलं. आता थर म्हणजे काही ते लोक फिरले ते सीनाय नव्हे. सीनायला डोंगर आहेत, उघडे, दगडी. पण जैसलमेरच्या भोवतीही पिक्चरमध्ये दिसते तशी वाळू सगळीकडे नसते. ते टेकाड सम गावाकडे, चाळीसेक किलोमीटरवर. बाकी बराचसा मुलूख खडकाळ, सपाट, मधेच एखादं खेजडीचं झाड. आपण दसऱ्याला पुजतो ती शमी हीच. तिच्या शेंगांची ते सांगरीची भाजी करतात, हे कळल्यापासून सासूबाई शमीकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

वाचायला सुरुवात मात्र तपोवन एक्सप्रेसमध्येच झाली. पिशवीत लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' होतं. लांबच्या प्रवासाला मी दुसरं पुस्तक नेतच नाही. शाळेतल्या काही बाईंना वाटतं ख्रिस्ती वाचन म्हणजे इंग्रजी वाचन. त्यांना मी सांगते की लक्ष्मीबाई टिळकांइतकं मराठी मराठी मला तरी दुसरीकडे सापडलं नाही. आणि दूर कशाला, २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला ९३वं साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, आपल्याच मराठवाड्यात. त्यांचं 'सुबोध बायबल' आमच्या घरी आहे, पण ते जाडजूड पुस्तक प्रवासात न्यायचं म्हणजे एका मुलाला घरी ठेवावं लागेल.

लक्ष्मीबाईंचं पुस्तक मोठ्यानंच वाचायचं असतं. नारायण वामन टिळक न सांगता घरातून निघून जातात, घरखर्चाचे पैसे कुणाला तरी देऊन येतात, १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतात, आणि ही बाई मागे राहते, रडते, चिडते, कविता करते, आणि हे सगळं सांगताना स्वतःलाच हसते. पुढे नवऱ्याकडे राहायला गेली तरी सोवळं सांभाळून, पाणी वेगळं ठेवून. स्वतःचं स्वतःला पटलं तेव्हा, १९०० साली, तिनं बाप्तिस्मा घेतला. समोरच्या बाकावर परभणीच्या एक आजी होत्या. त्यांनी आधी डोळे मिटून घेतले होते, मग उघडले, मग म्हणाल्या, "ह्यो नवरा होता का काय! वाचा की पुढं, थांबलाव कशाला?" कल्याण येईपर्यंत त्यांनी मला पाणी प्यायला सोडलं नाही. हे पुस्तक आत्मिक उन्नतीचं आहे का, असं मंडळीतल्या एका ताईंनी विचारलं होतं. मला माहीत असलेल्या उन्नतीच्या पुस्तकांत कुणाला भूक लागत नाही, कुणाचं लेकरू तापानं फणफणत नाही. अशी पुस्तकं मला पेलवत नाहीत, एवढंच सांगते.

वाळवंटातल्या संतांचंही थोडं नेलं होतं. मिसर देशातले, म्हणजे इजिप्तमधले, संत अंतोनी, तिसऱ्या-चौथ्या शतकातले, सगळं सोडून एकांतात गेले, वयाची शंभरी पार केली म्हणतात. त्यांचं चरित्र अथनाशिअस यांनी लिहिलंय. त्यात जाण्याआधी ते धाकट्या बहिणीला काही विश्वासू कुमारिकांच्या हवाली करतात, कारण आईवडील वारलेले, ती त्यांच्याच पदरात. मी तिथंच अडकले. मला अंतोनींच्या मोहांपेक्षा त्या पोरीला पहिल्या रात्री झोप लागली का, ते वाचायचं होतं. पुस्तक मिटलं. एकांत हा ज्याच्या मागे दोन लेकरं आणि सासू नाही त्याचा विषय आहे.

माझा विषय बायबलमधल्या गणना ह्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आहे. जोधपूरहून गाडी केली होती. पोखरणच्या पुढे धाकट्यानं सूर लावला: कालपण बाजरीची भाकरी, आजपण बाजरीची भाकरी, आपल्या घरी कशी मस्त मॅगी असते. थोरलीनं साथ धरली. मागच्या सीटवरून सासूबाईंनी, पुस्तक न उघडता, पाठ असलेलं सुरू केलं: मिसर देशात आम्हांला काकड्या मिळायच्या, खरबुजं मिळायची, कांदे, लसूण, आता बघावं तिकडे नुसता मान्ना. मुलं गप्प. मग थोरली म्हणाली, "आज्जी, हे खरंच बायबलमध्ये आहे?" आहे की. गुलामीतून सुटलेले लोक लसणासाठी रडतात, तंबूच्या दारात उभे राहून रडतात. आणि मान्ना कसा होता तेही दिलंय: धण्याएवढा दाणा, लोक तो जात्यावर दळायचे नाहीतर उखळात कुटायचे, शिजवून भाकरी करायचे. म्हणजे स्वर्गातून पडलेलं अन्नसुद्धा कुणीतरी दळलंच. कुणी दळलं ते लिहिलेलं नाही, पण मला माहीत आहे.

त्याच अध्यायात त्या लोकांचा पुढारी मोशे वैतागतो. देवाला म्हणतो, ह्या सगळ्या लोकांना मी जन्म दिला का? दाई तान्ह्याला घेते तसं ह्यांना उराशी धरून चाल, असं मला का सांगतोस? एवढंच असेल तर मला मारून टाक. एवढा मोठा संदेष्टा, आणि बोलतोय कसा, तर संध्याकाळी सहाला शाळेतून येऊन ओट्यापुढे उभ्या राहिलेल्या बाईसारखा. देव त्याला रागवत नाही, हे मला फार आवडतं. मदतीला सत्तर वडीलधारी माणसं नेमून देतो. मी हे वाचून दाखवलं तेव्हा ह्यांनी गाडीच्या खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली, पण त्या रात्री मुलांची अंथरुणं त्यांनी घातली.

ह्यांचं वाळवंट निराळं होतं. पालीवाल ब्राह्मणांचं सोडून दिलेलं कुलधरा गाव बघायला गेलो. तिथला गाइड भुताखेतांचं सांगत होता, मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. हे मात्र खडीन बघायला पुढे निघून गेले. खडकाळ उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी खाली मातीचा लांब बांध घालून अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं, आणि पाणी ओसरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पालीवालांनी ही रीत शेकडो वर्षं चालवली, अजूनही काही खडीनांत पीक घेतात. एवढ्याशा पावसावर गहू! मोसंबी वाळलेला माणूस त्या बांधावर बराच वेळ उभा राहिला. संध्याकाळी प्रार्थनेला त्यांनी स्वतःहून बायबलमधल्या उत्पत्ती ह्या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय काढला. इसहाक आपल्या बापाच्या, अब्राहामाच्या काळातल्या, पलिष्टी लोकांनी माती टाकून बुजवलेल्या विहिरी पुन्हा खणतो. नवी खणली की तिथले गुराखी येऊन म्हणतात, पाणी आमचं. तो भांडत बसत नाही, पुढे जाऊन दुसरी खणतो, तिथंही भांडण, मग तिसरी. ह्यांचं म्हणणं, बांधावरून भाऊबंदकी चाललेल्या प्रत्येक घरात हा अध्याय वाचायला हवा. आमच्याच घरात वाचावा, असं मी म्हणाले नाही.

आणि माझा स्वतःचा अध्याय, उत्पत्तीचाच एकविसावा. सगळ्या पवित्र शास्त्रात मी सगळ्यात जास्त वेळा वाचला असेल तर हा. अब्राहाम पहाटे उठून हागारेला, म्हणजे त्याची बायको सारा हिच्या दासीला, भाकर आणि कातडी पिशवीभर पाणी देतो, त्याच्यापासून झालेलं तिचं मूल देतो आणि घालवून देतो. ती बैरशेब्याच्या रानात भटकते. पाणी संपतं. ती पोराला एका झुडपाखाली टाकते आणि बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसते, कारण त्याला मरताना बघवणार नाही. मग देव तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. नीट वाचलं तर देवानं तिथे विहीर केली असं लिहिलेलंच नाही. ती होतीच. जालन्यात बसून हे वाचताना एक अडचण यायची: विहीर दिसली नाही म्हणजे काय? आपल्याकडची विहीर म्हणजे पस्तीस-चाळीस फूट रुंदीचा खड्डा, काठावर दगडांचा ढीग, मोटरची केबल, पाइप. ती न दिसायला माणूस आंधळाच पाहिजे.

समच्या रस्त्यावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि बेरी दाखवली. म्हणजे तो दाखवत होता आणि आम्हांला दिसत नव्हती. जमिनीलगत दोन-अडीच फुटांचं तोंड, वर लाकडाचं झाकण, झाकणावर वाळू. खाली जिप्समचा थर असतो, त्याच्या वरच्या वाळूत पावसाची ओल अडकून राहते, तीच झिरपून बेरीत गोळा होते. त्या थराखालचं पाणी खारं. एका वेळी थोड्याच बादल्या, मग पुन्हा साठायची वाट बघायची. म्हणून तोंड एवढं लहान, म्हणून झाकण. मी मुद्दाम चालत मागे गेले. विसेक पावलांवरून ती जागा कुठली ते मलाही सांगता येईना. आणि मला तर माहीत होतं, माझ्या बाटलीत पाणी होतं, माझी लेकरं गाडीत एसीत होती. रडून सुजलेल्या डोळ्यांच्या बाईला ती कशी दिसावी?

रात्री शेकोटीशी मांगणियारांचं गाणं झालं. साथीला कमायचा हे तंतुवाद्य आणि खडताल. हे गाणारे लोक मुसलमान, आणि पिढ्यान्‌पिढ्या राजपूत यजमानांच्या घरची लग्नं-बारशी गातात. ते उठल्यावर थोरलीनं आमच्या उंटवाल्या चाचांना हागारेची गोष्ट सांगायला घेतली. त्यांनी मधेच हात वर केला. "बेटी, ये तो हमारी हाजरा बीवी हैं." त्यांच्या सांगण्यात ती बसून राहत नाही. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये पाण्यासाठी सात वेळा धावते, आणि बाळापाशी झमझमचं पाणी निघतं. हजला जाणारे आजही तसेच सात फेरे घालतात. जालन्यात आमच्या समोरच्या घरातल्या खाला हजला जाऊन आल्या, त्यांनी झमझमचं पाणी आम्हांलाही दिलं होतं. ते पाणी आणि हागार ह्यांचा संबंध मला तिथे, उंटाच्या पायाशी बसून लागला. आमच्या पुस्तकात ती बैरशेब्याला, त्यांच्या सांगण्यात मक्केला. थोरलीला त्यांची गोष्ट जास्त आवडली, कारण त्यात आई पळते.

सासूबाईंना दोन्ही पटल्या नाहीत. "तुम्ही सगळे हागारेच्या बाजूनं रडायलात. सारेचं कोण ऐकणार? नव्वदीत मूल झालं तिला. अन् ही हागार, सोळाव्या अध्यायात बघ, दिवस गेल्या गेल्या मालकिणीला तुच्छ लेखायली." मी म्हटलं, आई, म्हणून काय लेकरासकट हाकलायचं? त्या म्हणाल्या, हाकललं अब्राहामानं, पहाटे उठून, कुणी बघायच्या आत. नाव मात्र सारेचं. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. मग थोरली टॉर्चच्या उजेडात एकविसावा अध्याय घेऊन बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "पण ह्यात त्या मुलाचं नाव कुठाय?" आम्ही दोघी हसलो, इश्माएल, अजून काय. "अगं, पण लिहिलंय कुठं?" सासूबाईंनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून हाकलण्याची सगळी गोष्ट वाचली. दासीचा मुलगा, मुलगा, पोर. नाव कुठेच नाही.

हा वाद आता आमच्या चर्चच्या महिला मंडळात पोचलाय. निम्म्या बाया सारेच्या बाजूला, निम्म्या हागारेच्या, आणि पाळकसाहेब चहा घेऊन लवकर जातात. तुम्हाला यायचं असेल तर जरूर या, ख्रिस्तीच असलं पाहिजे असं नाही, समोरच्या खालाही येतात. फक्त सोळावा अध्याय वाचून या. सासूबाई विचारतात.