कान्हेरीला जा, पण धायटीसाठी

मुंबईत बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या लेण्यांकडे झुंबड उडते ती पावसाळ्यात, ओढे धबधबे वगैरे, आणि पाणी आटलं की लोक म्हणतात आता काय आहे तिकडे. मला हे अजिबात पटत नाही, कारण धायटी फुलते तीच मुळी थंडी संपता संपता, जेव्हा ओढ्यात नुसते गोटे उरलेले असतात आणि उतारावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, आणि त्यात मधेच हे लालभडक झुडूप!

फार उंच नसतं, साधारण पुरुषभर किंवा थोडं जास्त. लांब फांद्या उतारावर झुकलेल्या आणि फांदीभर फुलांचे झुबके. एक फूल न तोडता जवळून बघा. जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची किंचित वाकलेली नळी. लाल दिसते ती पाकळी नाहीच, ती निदलांची, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या वेष्टनाची नळी, खऱ्या पाकळ्या तिच्या तोंडाशी इतक्या इवल्या की पटकन सापडतही नाहीत, आणि त्यातून पुंकेसर बाहेर आलेले. फळ धरलं तरी ती नळी गळत नाही, फळाभोवती तशीच राहते. पान उलटं केलं की खाली बारीक काळे ठिपके. मेंदी आणि आपला ताम्हण, दोन्ही हिच्याच कुळातले. आणि शिंजीर, हे चिमुकले मधपिते पक्षी, तर एका झुबक्यावरून दुसऱ्यावर, मधासाठी नुसते नाचत असतात, तिथेच थांबून बघत बसावं.

आपल्या घरातही ही आलेली असते. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देतात ना, किंवा कुमारी आसव, ते आंबवताना धायटीची वाळलेली फुलं घालतात, वैद्य तिला धातकी म्हणतात. फुलांवर नैसर्गिक यीस्ट असतं, त्याने गुळाचा गोड काढा आंबतो आणि बाटलीवर लिहिलेलं अल्कोहोल आतल्या आत तयार होतं.

मला वाईट याचं वाटतं की दहिसर नदी तुळशी तलावातून निघते, पार्कात तिच्या काठाला झाडझाडोरा आहे, आणि बाहेर वस्तीत आली की दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती, देशी झाडांना जागाच उरत नाही. धायटी खडकाळ, कोरड्या उतारावर तग धरते, आपल्याच मातीतली आहे, मग सोसायटीच्या आवारात परदेशी झुडपं लावण्याआधी हिचा विचार का नाही करत कोणी? देशी झाडांच्या नर्सरीत विचारा, मागणी असली तरच ते रोपं ठेवतील.

बघायला जाणार असाल तर फुलं उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत असतात, सकाळी लवकर जा. सोमवारी पार्क बंद असतं.