वेंगुर्ल्यात सुरंगीच्या कळ्या काढायला गेलो, त्याची हकिकत

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आई आणि मी वेंगुर्ल्याजवळ तीन दिवस राहून आलो. समुद्र पाहिला, आरवलीला वेतोबाचं दर्शन घेतलं, मासे खाल्ले. पण गेलो होतो फुलांसाठी. आईचं आजोळ शिरोड्याकडचं. लहानपणी माळलेल्या सुरंगीच्या वळेसाराबद्दल, म्हणजे गजऱ्याबद्दल, तिच्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं, की एकदा तरी तिला झाडाखाली उभं करायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं.

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना आसोली, आरवली या भागात सुरंगीची जुनी झाडं पुष्कळ आहेत. आम्ही ज्या काका-काकींकडे उतरलो त्यांच्या कुंपणाला तीन सुरंगी, घरामागे सोनचाफ्याची कलमं, पोफळीच्या सावलीत हेलिकोनिया आणि खळ्याच्या (अंगणाच्या) कडेला मोगरा नि अबोली. फुलं वेंगुर्ल्याच्या बाजारात जातात, काही गोव्याकडे.

पहिल्या सकाळी आमचं चुकलं. प्रवासाचा शीण होता म्हणून सातला उठलो, साडेसातला झाडाखाली गेलो. अख्खं झाड गुणगुणत होतं. फुलं उमललेली, चार पांढऱ्या पाकळ्या मागे वळलेल्या, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका आणि त्यावर मधमाश्याच मधमाश्या. काकी म्हणाल्या, "फुलला म्हंजे गेला. कळोच काढूक व्हयो." उमललेलं फूल ओवता ओवताच पाकळ्या टाकतं, आणि माश्यांच्या मध्ये हात कोण घालणार? तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगते : तिथे एक नाही, दोन रात्री राहा आणि पहाटे साडेपाचला झाडाखाली हजर असा.

दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन गेलो. सुरंगीचं फूल शेंड्याला येत नाही, जुन्या फांदीच्या सालीलाच चिकटून घोसांनी येतं. कळी वाटाण्याहून लहान, गोल, देठ आखूड. पांढरट झालेली आज फुलणार, हिरवी अजून एकदोन दिवसांनी. मी घाईने ओढत होते आणि माझ्या हातात कच्च्या कळ्याही येत होत्या. "ओढू नको गो, मोड," काकींनी माझी बोटं धरून दाखवलं. देठ चिमटीत धरायचा, अंगठ्याने बाजूला कलवायचा, टक् असा बारीक आवाज येतो. वरच्या फांद्यांसाठी काका शिडी लावून चढले. आमच्यासारख्यांनी खालच्याच फांद्यांवर समाधान मानावं. दीड तासात आम्हा दोघींच्या मिळून जेमतेम चार ओंजळी भरल्या. बाजारात वळेसार महाग का, हे त्या दीड तासात नीट कळलं. भाव करायला यापुढे माझी जीभ रेटणार नाही.

ओवायला पडवीत बसलो. केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, धागा भिजवून ठेवलेला होता. आईला जमेल का, याची मला धाकधूक होती. पहिल्या चार गाठी सुटल्या. पाचवीपासून तिने खाली पाहणंच सोडलं. काकींशी गप्पा मारत मारत हातभर वळेसार झाला. तेव्हा तिचा चेहरा पाहिला आणि कोकणकन्येच्या तिकिटासाठी केलेली सगळी धडपड वसूल झाली. सुरंगी वाळली तरी तिचा वास टिकतो. म्हणून उरलेल्या कळ्या उन्हात वाळवतात आणि त्या अत्तरासाठी विकल्या जातात.

सोनचाफ्याला मार्चमध्ये फुलं थोडी होती, तरी रोज सकाळी परडीभर निघत. फूल पूर्ण उघडायच्या आत, देठाला धरून काढायचं. पाकळीला बोट लागलं की तिथे तपकिरी डाग पडतो. बियांपासून वाढवलेला चाफा उंच जातो आणि फुलायला वर्षानुवर्षं लावतो. कलम लवकर फुलतं, शेंडे खुडून हाताच्या उंचीवर राखता येतं. काकांनी दहा-दहा फुटांवर लावलीत, जांभ्याच्या जमिनीत खड्डे खणून, माती आणि शेणखत भरून. मुळाशी पाणी साचलेलं मात्र चाफ्याला अजिबात चालत नाही. फुलदाणीसाठी लांब दांडा हवा तर हेलिकोनिया घ्या. कापल्यावर तो आणखी उमलत नाही, म्हणून हवा तेवढा उघडलेलाच निवडा आणि लगेच पाण्यात ठेवा.

जायचं असेल तर कुडाळ किंवा सावंतवाडी रोडला उतरा, पुढे एसटी किंवा रिक्षा. विमानाने येणाऱ्यांना चिपी जवळ आहे. सुरंगीचा हंगाम साधारण फेब्रुवारी-मार्च, पण हवेप्रमाणे मागेपुढे होतो, म्हणून तिकीट काढण्याआधी यजमानांना फोन करून "कळो धरलो काय?" एवढं विचाराच. फुलांचे पैसे आधी ठरवा. ती त्यांची रोजीरोटी आहे, फोटोपुरती तोडून टाकू नका. बाह्या लांब हव्यात, कारण झाडावर हुमले (लाल मुंग्या) असतात आणि चावले की आग होते. त्या सकाळी अंगाला सेंट नको, माश्या येतात. मधमाशीच्या डंखाचा त्रास होणाऱ्यांनी पडवीत बसून ओवण्याचं काम घ्यावं.

परतीला ओलं सुती फडकं, केळीचं पान आणि झाकणाला भोकं असलेला डबा न्या. आम्ही सुरंगी आणि चाफा तसा बांधला, तो ठाण्यापर्यंत उत्तम राहिला. मोगऱ्याच्या कळ्या मात्र मी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबल्या होत्या. पनवेल यायच्या आत त्या पिवळ्या पडल्या. पुढच्या खेपेला मोगरा तिथेच माळायचा, डब्यात जागा फक्त सुरंगीला.