तुम्ही विचारलंत म्हणून: जॅगर्स चांगला का वाईट?

'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' शिकवून होत आली की दरवर्षी मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, "सर, हा जॅगर्स चांगला का वाईट? पेपरात काय लिहायचं?" पेपरात 'संमिश्र व्यक्तिरेखा' लिहा, मार्क मिळतात. खऱ्या उत्तराला तास पुरत नाही.

इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्सची ही कादंबरी १८६०-६१ साली साप्ताहिकातून आली. पिप लोहाराच्या घरी वाढलेला. एक दिवस लंडनचा वकील जॅगर्स येऊन सांगतो, कुणीतरी तुझ्यासाठी पैसा ठेवलाय, नाव विचारायचं नाही. पिपला वाटतं, देणारी गावातली श्रीमंत मिस हॅविशमच. जॅगर्स तिचाही वकील ना! वकीलसाहेब गप्प. पैसा निघतो मॅग्विचचा, लहानपणी पिपनं भीतभीत खाऊ घातलेल्या कैद्याचा. पिप जाब विचारतो तेव्हा जॅगर्स म्हणतो, दिसण्यावर जाऊ नकोस, पुराव्यावर जा.

खोटं एक अक्षर बोललेला नाही बघा. खुनाच्या खटल्यातून सोडवलेल्या बाईची पोर त्यानं हॅविशमकडे दिली, कारण तसल्या पोरांचं पुढं काय होतं ते तो कोर्टात रोज बघत होता. आणि त्याच बाईला घरी कामाला ठेवून जेवायला आलेल्या पोरांसमोर तिची मनगटं दाखवायला लावतो. कामं आटपली की सुगंधी साबणानं हात धुतो. डिकन्स म्हणतो, सर्जन किंवा दातांचा डॉक्टर धुतो तसे तो पक्षकारच धुऊन टाकतो.

मी कॉलेजला बीडमध्ये एका वकिलांच्या ऑफिसात झोपायचो. सकाळी झाडून काढायचं, फायली लावायच्या, रात्री अभ्यास. पक्षकार रडायला लागला की साहेब काळ्या कोटाच्या टोकानं चष्मा पुसत बसायचे. माझी फी तेच भरायचे. वर्गात मी ऐटीत सांगायचो, "साहेबांनी मला दत्तकच घेतलंय." मामा कधी ऑफिसात आला, उसाच्या पाचटानं चिरलेले हात घेऊन, तर मी त्याला बाहेरच्या बाकड्यावर बसवायचो. चहासुद्धा बाहेरच.

शेवटच्या वर्षी मामी बोलून गेली. मामा ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घ्यायचा, त्यातले माझ्या फीचे पैसे आधी साहेबांकडे नेऊन द्यायचा. म्हणजे मामा-मामीचा कोयता, ती जोडी, माझ्या फीपायी दरसाल साखर कारखान्याला ऊस तोडायला जात होती. पोराला माझं नाव कळू देऊ नका, लाजंल, असं मामानंच साहेबांना सांगितलेलं.

मी तणतणत साहेबांकडे गेलो. मला का नाही सांगितलंत?

ते म्हणाले, "तू विचारलंस का कधी? मी भरतो असं मी म्हणलो होतो का?"

म्हणले नव्हते. पण मामा बाहेर बसायचा तेव्हा आतून त्यांना सगळं दिसायचं, हेही खरं. एकदाही "त्याला आत बोलव" म्हणले नाहीत. त्यांच्या जिभेवर किती वेळा आलं असेल, का आलंच नसेल, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जातो. पाया पडतो. मामाबद्दल दोघंही बोलत नाही.