दोन टेबलं, एक टेबलक्लॉथ

रविवार, रात्री

आमिश, म्हणजे अमेरिकेत जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या, कुटुंबांच्या कादंबऱ्या हातात घ्यायला मन राजी होत नाही, त्याला मुखपृष्ठंही कारणीभूत आहेत. तेच शेत, तीच घोडागाडी, डोक्यावर पांढरी टोपी घातलेली तीच मुलगी. आत प्रेमकथा असणार, हे उघडण्याआधीच कळतं. पण यातली चांगली पुस्तकं खाली ठेववत नाहीत, कारण त्यांचा खरा पेच बाप्तिस्म्यात असतो.

आमिश घरात जन्मलेलं मूल आपोआप पंथाचं सदस्य होत नाही. सोळाव्या वर्षाच्या आसपास 'रुमस्प्रिंगा'चा काळ सुरू होतो, थोडी मोकळीक मिळते, आणि पुढे काही वर्षांनी ज्याने त्याने स्वतः ठरवून बाप्तिस्मा घ्यायचा. त्याआधी कुणी घर सोडलं तर आई झुरते, पण सहसा वाळीत टाकत नाहीत. बाप्तिस्मा घेऊन मग सोडलं, तर टाकतात. आणि लग्न बाप्तिस्म्याशिवाय होतच नाही! म्हणजे प्रेमात पडलेली मुलगी त्या शपथेच्या दारात येऊनच उभी राहते. म्हणून पहिल्या दोन-तीन प्रकरणांत एवढंच शोधावं: हिचा बाप्तिस्मा झालाय का? लेखकाने इथे गोंधळ घातला असेल तर पुढचे अश्रू खोटे वाटतात.

'वाळीत टाकणं' म्हटलं की आपल्याला जातपंचायत आठवते. महाराष्ट्राला त्याविरुद्ध 2016 चा कायदा करावा लागला. आमिशांचं 'माइडुंग' वेगळ्या तऱ्हेने बोचतं. बोलणं बंद होत नाही. पण त्या माणसाच्या हातून काही घ्यायचं नाही, त्याच्याशी देणंघेणं करायचं नाही, एका टेबलावर जेवायचं नाही. काही घरांत मग दोन टेबलं मध्ये जेमतेम फट ठेवून लावतात आणि वरून एकच टेबलक्लॉथ पसरतात. नियमही राहतो, लेकही शेजारी बसते. अशी जागा लेखकाने घाईत उरकली नाही, की पुस्तक वाचण्याजोगं झालं.

नियमांचं म्हणाल तर 'ऑर्डनुंग', म्हणजे वागण्याची नियमावली, प्रत्येक स्थानिक चर्च-मंडळीची वेगळी, आणि एका मंडळीत जेमतेम वीस ते चाळीस कुटुंबं. एका पुस्तकात शेताच्या कडेला फोनची खोपटी आहे आणि दुसऱ्यात नाही, ही चूक नव्हे. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरची घोडागाडी मात्र राखाडीच हवी, ओहायोतली काळी. स्टोल्टझफस हे आडनाव लँकेस्टरचं. योडर, ट्रॉयर ओहायोकडे जास्त.

लँकेस्टरची कथा असेल तर सेलरीवर, म्हणजे त्या लांब देठांच्या पालेभाजीवर, लक्ष ठेवावं. तिथली लग्नं मुख्यतः सुगीनंतर, बहुतेक मंगळवारी किंवा गुरुवारी होतात. शेकडो पाहुण्यांच्या पंगतीत सेलरी शिजवलेलीही असते आणि टेबलावर बरण्यांत फुलांसारखी मांडलेलीही. त्यामुळे उन्हाळ्यात एखाद्या मळ्यात तिचे वाफे जरा जास्तच दिसले, की घरात कुणी चकार शब्द काढला नसला तरी शेजारणी समजून जातात.